साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

या अभ्यासवर्गात वनहक्क, रोजगार हमी आणि किमान वेतन या विषयांवर सविस्तर चर्चा झाली. माझ्याकडे आलेला विषय त्या मानाने रुक्ष वाटण्याचा संभव आहे. फौजदारी खटल्यात आरोपीला आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदारासमोर उभे राहण्याचा आणि त्याला प्रश्न विचारण्याचा जो अधिकार आहे, त्याविषयी मला बोलायचे आहे. हा वकिलांचा विषय आहे, आपला नाही, असे कोणी समजू नये. येथे बसलेल्यांपैकी अनेकांवर रस्ता रोको, जमावबंदीचा भंग किंवा सरकारी कामात अडथळा असा एखादा तरी गुन्हा दाखल झालेला असेल. ज्यांच्यामध्ये आपण काम करतो त्या शेतमजूर, आदिवासी आणि भटक्या समाजातील माणसांचा राज्यसंस्थेशी पहिला परिचय पुष्कळदा पोलीस ठाण्यातच होतो. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

प्रारंभ जळगावच्या न्यायालयापासून करतो. १९२९ च्या सप्टेंबरात भुसावळ स्थानकावर भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे दोन तरुण क्रांतिकारक शस्त्रास्त्रांसह पकडले गेले. दोघेही झाशीच्या क्रांतिकारक गटातील, चंद्रशेखर आझादांचे सहकारी. त्यांच्यावरील खटला जळगावला चालला. लाहोर कटाच्या खटल्यात माफीचे साक्षीदार झालेले जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष यांना सरकारने या खटल्यात साक्ष देण्यासाठी येथे आणले. १९३० च्या फेब्रुवारीत न्यायालयाच्या आवारातच माहौर यांनी त्यांच्यावर पिस्तूल झाडले. दोन्ही साक्षीदार बचावले. माहौर यांच्या वाट्याला जन्मठेप आली आणि मलकापूरकरांनाही दीर्घ कारावास भोगावा लागला.

या तरुणांच्या त्यागापुढे आपण नतमस्तकच होतो. परंतु त्या गोळीने काय साधले, हा प्रश्न टाळता येत नाही. माफीच्या साक्षीदारांची साक्ष त्या गोळीने पुसली गेली नाही. त्याच वर्षी १ मे रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून लाहोर कटाच्या खटल्यासाठी विशेष न्यायाधिकरण नेमले. आरोपी हजर नसले तरी खटला पुढे चालविण्याची मुभा त्या वटहुकुमाने दिली आणि उच्च न्यायालयात अपील करण्याचा मार्गही बंद केला. न्यायालयात झालेल्या मारहाणीनंतर आरोपींनी कामकाजावर बहिष्कार टाकला, आणि त्यांच्या गैरहजेरीत साक्षीमागून साक्षी नोंदल्या गेल्या. ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल लागला. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू फासावर गेले. ज्या साक्षींच्या आधारे त्यांना दोषी ठरविण्यात आले त्यांतील पुष्कळशा साक्षींना कोणीही प्रश्न विचारलेला नव्हता.

साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची मुभा काढून घेणे हे परकीय सत्तेचे जुनेच तंत्र होते. १९१९ च्या रौलट कायद्याकडे पाहा. बंद दाराआडचा खटला आणि अपिलास मनाई यांबरोबरच, मृत झालेल्या किंवा न सापडणाऱ्या माणसाचा दंडाधिकाऱ्यापुढील जबाब विशिष्ट परिस्थितीत पुरावा म्हणून वापरण्याची तरतूद त्यात होती. कागद बोलणार, आणि कागदाला मात्र प्रश्न विचारता येणार नाही, असा त्याचा अर्थ. ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ हे त्या कायद्याचे वर्णन लोकांच्या तोंडी झाले ते उगाच नाही.

हा अधिकार आला कोठून? इंग्लंडमध्ये १६०३ साली सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. माझ्यावर आरोप करणाऱ्याला माझ्यासमोर आणा, अशी त्याने वारंवार मागणी केली. ती नाकारण्यात आली आणि लेखी जबाबावर तो दोषी ठरला. या व अशा अनुभवांतून सामान्य कायद्यात हे तत्त्व रुजले. अमेरिकेने ते १७९१ साली आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत लिहून ठेवले. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही ते आहे आणि भारताने तो करार १९७९ साली स्वीकारला.

आपल्या राज्यघटनेत मात्र हा अधिकार या शब्दांत लिहिलेला नाही. अनुच्छेद २१ मधील जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणि अनुच्छेद २२ मधील वकिलाची मदत घेण्याचा हक्क यांच्या पोटात तो आहे, असे न्यायालयांनी मानले. प्रत्यक्ष तरतूद साध्या कायद्यात आहे. पुरावा आरोपीच्या समक्ष किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष नोंदला पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७३ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये आहे. सरतपासणी, उलटतपासणी आणि फेरतपासणी हा क्रम पुरावा कायद्याने ठरविला आहे. साक्षीदार मृत झाला किंवा सापडत नसेल, तर त्याची आधीची साक्ष वापरता येते, परंतु विरुद्ध पक्षाला तेव्हा उलटतपासणीची संधी मिळालेली असली पाहिजे.

मग उलटतपासणीने प्रत्यक्षात घडते काय? समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी मजुरांच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि वीस जणांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. साक्षीदार सांगतो, “या सर्वांना मी दगड मारताना पाहिले.” सरकारी वकील त्याला बसवतात. येथवर ही साक्ष अभेद्य दिसते. आता बचावाचा वकील उठतो. आपण कोठे उभे होता? तेथून चौक किती अंतरावर आहे? या वीस जणांना आपण आधीपासून ओळखत होता काय? नसल्यास त्यांची नावे आपणास कोणी सांगितली? ओळखपरेड झाली काय? पोलिसांना दिलेल्या जबाबात ही नावे का नाहीत? पाच-सहा साध्या प्रश्नांनंतर असे निष्पन्न होऊ शकते की, साक्षीदाराने धावणारी गर्दी पाहिली होती आणि नावे फौजदाराने लिहून घेतली होती. पोलिसांपुढील जबाब हा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण साक्षीदाराच्या बोलण्यातील विसंगती दाखविण्यासाठी आरोपीला तो वापरता येतो. गरीब माणसाच्या हाती कायद्याने दिलेले हे फार मोलाचे साधन आहे. परंतु ते वापरण्यासाठी जबाबाच्या प्रती हाती असाव्या लागतात, त्या वाचलेल्या असाव्या लागतात आणि प्रश्न विचारणारा कोणीतरी असावा लागतो.

हा प्रश्न विचारणारा नसला की काय होते, याची दोन-तीन उदाहरणे सांगतो. अरुणाचलातील सुकदास प्रकरणात आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याला वकील मिळालाच नाही. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आरोपीने अर्ज केला नाही ही सबब चालणार नाही, त्याला हा हक्क आहे हे सांगणे न्यायालयाचेच कर्तव्य आहे, असा निर्वाळा दिला. दुसरे उदाहरण १९९७ च्या अखेरीस दिल्लीत झालेल्या बसमधील बाँबस्फोटाचे. आरोपी पाकिस्तानी नागरिक होता. लोकमत ज्याच्या बाजूने उभे राहण्याची सुतराम शक्यता नाही असा हा माणूस. त्याच्या खटल्यात छप्पन साक्षीदार बचावाच्या वकिलाविना तपासले गेले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. फेरखटल्यात वकील उभा राहिला, प्रश्न विचारले गेले, आणि आरोपी निर्दोष सुटला. पहिल्या खटल्याच्या निकालाची अंमलबजावणी झाली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, खंडव्याचे. बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या एका खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीला विधिसाहाय्याचा वकील मिळाला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले. ४ मार्चला तो दोषी ठरला आणि फाशीची शिक्षा झाली. वकिलाला कागदपत्रे वाचण्याइतकाही वेळ दिला गेला नव्हता. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा खटला नव्याने चालविण्यास सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीसाठी पुरेसा वेळ मिळावा, असेही बजावले. न्याय त्वरित व्हावा ही आपलीही मागणी आहे. पण वकिलाने जबाब वाचण्यापूर्वी संपणाऱ्या खटल्याला त्वरित न्याय म्हणता येणार नाही.

याउलट, पैसेवाल्या आरोपीच्या हाती हाच अधिकार निराळे रूप घेतो. पंजाबातील एका लाचलुचपतीच्या खटल्यात साक्षीदाराची सरतपासणी झाल्यावर उलटतपासणी सुमारे वीस महिन्यांनी झाली, आणि तोवर साक्षीदार फितूर झालेला होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेवर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात, केवळ वकील बदलला म्हणून साक्षीदारांना पुन्हा बोलावता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे ज्याच्यापाशी साधने आहेत तो तारखा पाडून साक्षीदाराला थकवितो, आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याची एकुलती एक संधी अपुऱ्या तयारीत वाया जाते. कायदा सर्वांना समान असतो, परंतु तो वापरण्याची ऐपत समान नसते, हे आपले नेहमीचे विवेचन येथेही खरे ठरते.

खानदेशात या विषमतेला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. सातपुड्याच्या पायथ्यापासून अक्कलकुवा-धडगावपर्यंतचा मुलूख १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तेथील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी माणूस घरी आपली बोली बोलतो. न्यायालयाची भाषा मराठी आणि निकालाची पुष्कळदा इंग्रजी. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, असे कायदा म्हणतो. पूर्वीचे कलम २७९, आताचे ३१४. साक्षीदार काय बोलला हे आरोपीला कळलेच नाही, तर तो वकिलाच्या कानात काय सांगणार? ‘हा माणूस त्या दिवशी गावात नव्हता’ ही गोष्ट फक्त आरोपीलाच ठाऊक असते. दुभाष्याची मागणी पहिल्याच तारखेला लेखी करावी. मागितल्यावाचून ती पुरी होईल या भरवशावर राहू नये.

आता मी अधिक गंभीर भागाकडे येतो. साक्षीदार समोर येतच नाही, आणि तरीही माणसाला शिक्षेसारखीच शिक्षा होते, अशी व्यवस्था आपल्या राज्यात राजरोस चालू आहे. तिला तडीपारी म्हणतात. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे नाव आहे. त्याच्या कलम ५६ प्रमाणे एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते. त्यातील एक आधार असा की, भीतीमुळे साक्षीदार उघडपणे साक्ष देण्यास धजावत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले पाहिजे. साक्षीदारांचे जबाब गुप्तपणे घेतले जातात. नोटिशीत आरोपांचे केवळ सर्वसाधारण स्वरूप सांगितले जाते. कोणी, केव्हा, कोठे, हे सांगण्याचे बंधन नाही. उलटतपासणीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईतील एका तडीपारीच्या प्रकरणात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, साक्षीदार भयभीत असतात हेच या कायद्यामागचे कारण असल्यामुळे उलटतपासणी नाकारणे अवाजवी नाही. १९७३ साली पुन्हा तोच दृष्टिकोन कायम झाला.

गावगुंडांचा उपद्रव खरा आहे, हे मी नाकारीत नाही. त्यांना भिऊन सामान्य माणूस तोंड उघडत नाही, हेही खरे. परंतु जो कायदा गुंडासाठी म्हणून केला जातो तो कार्यकर्त्याच्या दारात केव्हा येऊन उभा राहील, याचा नेम नसतो. मोर्चाचे दोन-तीन गुन्हे कागदावर असले आणि ‘अ’ व ‘ब’ नावाच्या दोन अज्ञात साक्षीदारांचे जबाब मिळाले की प्रस्ताव तयार होतो. २०२२ च्या जानेवारीत जालना जिल्ह्यातील एका तडीपारीचा आदेश रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो क्वचितच वापरावा, असे स्पष्ट केले. हा निकाल प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात असावा.

तडीपारीच्या पुढची पायरी स्थानबद्धतेची. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि आपल्या राज्याचा १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविषयीचा कायदा ही त्याची उदाहरणे. धनबादचे मार्क्सवादी खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकुमाखाली स्थानबद्ध केले, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात तो वटहुकूम आणि हा कायदा यांनाच आव्हान दिले. १९८१ च्या डिसेंबरात निकाल लागला. सल्लागार मंडळापुढे स्थानबद्धाला साक्षीदारांच्या उलटतपासणीचा हक्क नाही, असे न्यायालयाने ठरविले. कोळसा खाणींतील कामगारांच्या पुढाऱ्याच्या प्रकरणात ठरलेले हे सूत्र आजही लागू आहे.

नव्या संहितेने आणखी एक दार उघडले आहे. फरारी म्हणून घोषित केलेल्या आरोपीवर, विशिष्ट अटी पुऱ्या झाल्यास, त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देण्याची तरतूद कलम ३५६ मध्ये झाली आहे. त्याला सरकारतर्फे वकील मिळेल हे खरे. पण ज्या वकिलाने आरोपीला पाहिलेलेही नाही तो कोणते प्रश्न विचारणार? लाहोरच्या वटहुकुमाची आठवण ठेवणाऱ्यांनी या कलमाच्या वापरावर बारीक नजर ठेवली पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. साथींनो, आपण दलितांवरील अत्याचाराच्या, स्त्रियांवरील बलात्काराच्या खटल्यांत फिर्यादीच्या पाठीशी उभे असतो. तेथे उलटतपासणी म्हणजे पीडितेची दुसरी विटंबना असते. मग या अधिकाराचा आपण का पुरस्कार करावा? हा आक्षेप वेदनेतून आलेला आहे आणि त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर दिले पाहिजे. प्रश्न विचारण्याचा अधिकार म्हणजे बेइज्जती करण्याचा परवाना नव्हे. बलात्कारित स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्यास वाव देणारे पुरावा कायद्यातील पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेले, ते स्त्री-चळवळीच्या दीर्घ लढ्यामुळे. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात वकिलाचे प्रश्न न्यायाधीशामार्फत विचारले जातात. मुलाला आरोपी दिसणार नाही आणि आरोपीला साक्ष मात्र ऐकू येईल, अशी व्यवस्था आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. साक्षीदाराला धमकीपासून वाचवा, पडदा लावा, संरक्षण द्या, प्रवासखर्च द्या, परंतु प्रश्न विचारणे बंद करू नका, हीच आपली भूमिका असली पाहिजे. आज आपल्या शत्रूला हा अधिकार नाकारला, तर उद्या आपल्या मजुराला तो मिळणार नाही.

याच जिल्ह्यातील राईनपाड्याचे स्मरण करा. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील त्या आदिवासी वस्तीत, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा ही बिननावाची, बिनचेहऱ्याची साक्ष असते. तुम्हाला कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले काय, एवढे दोन प्रश्न त्या दिवशी कोणी थांबून विचारले असते तर पाच माणसे घरी परतली असती. मारले गेले तेही गरीब, आणि आरोपी म्हणून पकडले गेले तेही गरीब. त्या पाच जणांना जे मिळाले नाही, ते त्यांच्या खुनाचा आरोप असलेल्यांनाही मिळालेच पाहिजे, असे म्हणण्याचे धैर्य आपल्यापाशी असावे. जमाव आणि न्यायालय यांच्यातील अंतर ते हेच.

शेवटी, आपण करायचे काय? दोषारोपपत्राची आणि सर्व जबाबांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती मिळाल्याची खात्री करून ती कार्यकर्त्याने आरोपीसह बसून वाचावी आणि चुकीच्या मजकुरावर खूण करावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. २०२२ च्या योजनेखाली लोकअभिरक्षकांची कार्यालयेही सुरू झाली आहेत. वकील नेमला गेला एवढ्यावर समाधान मानू नये. साक्षीच्या आदल्या दिवशी तो आरोपीला भेटला काय, हे पाहावे. तयारीस वेळ नसेल तर तसा लेखी अर्ज द्यावा, म्हणजे अपिलात तो कामी येतो. एखादा महत्त्वाचा प्रश्न राहून गेला असेल, तर न्यायासाठी आवश्यक असल्यास साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तो अर्ज कारणांसह आणि विनाविलंब करावा. तडीपारीची नोटीस आली तर स्वस्थ बसू नये. आपले साक्षीदार तपासण्याची लेखी मागणी करावी, आणि आदेश झाल्यास तीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करावे.

प्रत्येक तालुक्यात निदान दोन कार्यकर्त्यांनी हे काम आपले म्हणून पत्करावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी सनद लागत नाही. जबाब वाचता येणे, तारीख न चुकविणे आणि आरोपीची बोली समजणे एवढे पुरे आहे. जळगावच्या न्यायालयात माफीच्या साक्षीदारांसमोर एका तरुणाला पिस्तूल उचलावे लागले, कारण त्या राजवटीच्या न्यायावर त्याचा विश्वास उरलेला नव्हता. आज त्याच जिल्ह्यातील एखाद्या शेतमजुराला साक्षीदाराच्या डोळ्यांत पाहून “तू तेव्हा कोठे होतास?” एवढे विचारता यावे, इतकी व्यवस्था तरी आपण उभी केली पाहिजे.